पतित, पतिता आणि घराला मुकलेल्या

मराठीत ‘पतित’ हा शब्द पुल्लिंगी असतो तेव्हा तो फारसा बोचत नाही. वारकरी संत स्वतःला पतित म्हणवून घेतात आणि त्या बळावर देवाशी हक्काने भांडतात. देव पतितपावन असेल, तर त्याचे ब्रीद राखायला पतित हवाच, असा तो युक्तिवाद. विसाव्या शतकात या शब्दाला आणखी अर्थ चिकटले. धर्मांतर केलेल्यांना परत घेण्याच्या चळवळीने ‘पतितपरावर्तन’ हा शब्द रूढ केला. १९३१ साली रत्नागिरीत सर्व जातींना खुले असे पतितपावन मंदिर उभे राहिले. तेथे पतित म्हणजे ज्यांना देवळाची पायरी नाकारली गेली होती ते. या तिन्ही ठिकाणी पतिताला परतीची वाट आहे.

शब्द स्त्रीलिंगी झाला की ही वाट बुजते. ‘पतिता’ म्हणजे एकच, जिचे पाऊल वाकडे पडले ती. मंगळवेढ्याची कान्होपात्रा हा या नियमाला मोठा अपवाद. गणिकेची ही मुलगी विठ्ठलाला त्याच्या ब्रीदाची आठवण करून देते. पण तिला आश्रय मिळतो तो देवळात, आणि तोही मरणाच्या रूपाने. गावात तिला घर मिळाल्याची कथा परंपरेने सांगितलेली नाही. एरवी पतित स्वतःच स्वतःला पतित म्हणतो. पतितेला मात्र नेहमी दुसरे कुणीतरी पतिता म्हणते.

हे सारे मी वर्गात जरा विद्वत्तेने सांगत होते, तेव्हा तृतीय वर्षाच्या एका मुलीने विचारले, “मॅडम, पण तिच्याबरोबर जो होता त्याला कोणता शब्द आहे?” वर्ग हसला. शब्दकोशात उत्तर नव्हते. जे आहेत ते शब्द, ‘रंगेल’, ‘शौकीन’, ‘छंदीफंदी’, ते जवळजवळ कौतुकाचेच आहेत. या प्रश्नानंतर मला वाटू लागले, की अशा स्त्रियांसाठी निघालेल्या आश्रमांचा इतिहास वाचायचा तर आधी त्यांच्या पाट्यांवरची नावे वाचावीत. कुणाला वाचवायचे होते आणि कशापासून, हे त्या नावांत स्पष्ट दिसते.

आमच्या शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याकडे जाणारा रस्ता भीमा ओलांडून दौंड तालुक्यात उतरतो. परीक्षेच्या कामानिमित्त या रस्त्याने मी अनेकदा जाते. चौफुल्याची कलाकेंद्रे महाराष्ट्राला ठाऊक आहेत. रात्री तेथे ढोलकी वाजते, आणि नाचणाऱ्या बाईकडे पाहण्यासाठी पैसे मोजणारा माणूस सकाळी तिचे नाव घ्यायला लाजतो. तेथून थोड्याच अंतरावर केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. एकाच शिवारात ही दोन ठिकाणे शेजारी असावीत हा योगायोग असेल, पण मराठी समाज बाईची वाटणी कशी करतो हे समजायला तो फार उपयोगी आहे. या मुक्ती मिशनच्याच आवारात १८९९च्या सुमारास ‘कृपासदन’ सुरू झाले. त्या काळच्या भाषेत ते ‘पतित स्त्रियांचे’ आश्रयस्थान होते.

कृपासदनाची कल्पना रमाबाईंच्या मनात कोठे रुजली हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेज येथील भगिनीमंडळात राहिल्या आणि त्याच वर्षी त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर त्या भगिनींनी त्यांना काही दिवस लंडनमधील फुलहॅम येथे पाठवले. तेथे अशा स्त्रियांमध्ये चाललेले काम त्यांनी पाहिले. समाजाने टाकलेल्या स्त्रिया तेथे दुसऱ्यांची सेवा करताना पाहून त्या चकित झाल्या. हे लोक हे कशासाठी करतात, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाई म्हणतात, की या वर्गातील स्त्रियांसाठी असे काही आपल्या देशात होत असल्याचे त्यांनी तोवर पाहिले वा ऐकले नव्हते.

या ठिकाणी वाचक क्षणभर थबकतो. कारण १८६३ सालीच पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. फसलेल्या विधवेने तेथे यावे, गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, अशी ती सोय होती. १८७४ साली तेथे आलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला, तोच यशवंत. रमाबाई १८८२ साली पुण्यात होत्या, आर्य महिला समाजाचे काम करीत होत्या, हंटर आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली होती. आणि तरी हे घर त्यांच्या कानावर आलेले नसावे. पुण्यातल्या पुण्यात एका पेठेची हकीकत दुसऱ्या पेठेत किती पोहोचत होती, याचे हे बोलके उदाहरण आहे. गंमत अशी, की रमाबाईंच्या धर्मांतरावरून पुण्यात काहूर उठले तेव्हा त्यांच्या बाजूने लेखणी उचलणाऱ्या थोड्या लोकांत जोतीराव होते. १८८५च्या ‘सत्सार’मध्ये त्यांनी हा विषय घेतला आहे. ज्या प्रश्नासाठी रमाबाईंना फुलहॅम गाठावे लागले, त्याचे एक उत्तर वीस वर्षे त्यांच्या शेजारीच उभे होते.

आता या दोन घरांची नावे शेजारी ठेवून पाहा. ‘बालहत्या प्रतिबंधक गृह’ हे नाव बाईविषयी काहीच बोलत नाही. ती पतित आहे की नाही, तिला पश्चात्ताप झाला आहे की नाही, याची चौकशी त्यात नाही. होऊ घातलेली हत्या टाळायची, एवढाच हेतू तेथे लिहिला आहे. १८७५ साली लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने पंढरपुरात बालहत्या प्रतिबंधक संस्था निघाली, तिचीही भाषा अशीच. ‘कृपासदन’ हे नाव मात्र थेट बाईकडे बोट दाखवते. कृपा अपराध्यावर करतात. जिचा अपराध नाही तिला कृपेची गरज काय?

कृपेची ही परिभाषा युरोपातून आली, आणि तिचा इतिहास लांबलचक आहे. १७५८ साली लंडनमध्ये आणि १७६७ साली डब्लिनमध्ये मॅग्डालेनच्या नावाने आश्रम निघाले. ज्या मग्दालिया मरियेचे नाव त्यांना दिले, तिला शुभवर्तमानांत कोठेही वेश्या म्हटलेले नाही. ५९१ साली पोप ग्रेगरी यांच्या प्रवचनात तिची आणि दुसऱ्या एका पापिणीची सरमिसळ झाली आणि ती पुढे शतकानुशतके टिकली. म्हणजे या आश्रमांची सुरुवातच एका बाईवर आलेल्या बालंटाने झाली. आयर्लंडमध्ये त्यांची धुलाईघरे झाली. पापाचे डाग धुण्याचे रूपक शब्दशः अमलात आले, आणि बायका बिनपगारी दुसऱ्यांच्या चादरी धूत राहिल्या. १९२२नंतर तेथे सुमारे दहा हजार स्त्रिया आत गेल्या असा सरकारी चौकशीचा अंदाज आहे. शेवटचे धुलाईघर १९९६ साली बंद झाले आणि २०१३ साली आयर्लंडच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. आत गेलेल्यांत केवळ ‘घसरलेल्या’ नव्हत्या. अनाथ, मतिमंद, बलात्कार झालेल्या, किंवा घरच्यांना नकोशा झालेल्या मुलीही होत्या. घर नसणे हाच त्यांच्यातला समान धागा होता.

केडगावला याच मोजपट्टीने मोजणे अन्यायाचे होईल. रमाबाई केडगावला आल्या त्या दुष्काळाच्या रेट्याने. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदासदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आणले. उच्चवर्णीय विधवांच्या शिक्षणाची ही शाळा १८९३च्या धर्मांतराच्या वादात एकाकी पडली. रानडे, भांडारकरांसारखे सल्लागारही दूर झाले. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली घेऊन परतल्या. तेव्हा पुण्यात प्लेगचे निर्बंध होते. एवढ्या मुलींना शहरात ठेवणे शक्य नव्हते. केडगावच्या स्टेशनाजवळ घेतलेल्या जमिनीवर राहुट्या पडल्या, विहिरी खणल्या गेल्या, १८९८ साली मुक्तिसदन उभे राहिले. १९००च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

या मुलींना आणताना रमाबाईंनी जे पाहिले ते त्यांनी निर्भीडपणे लिहिले. धान्याच्या मोलाने मुली विकल्या जात होत्या. सरकारी अन्नछत्रांच्या आसपास दलाल घुटमळत होते आणि ज्यांच्या हाती संरक्षण सोपवले होते त्यांच्यातलेच काही भक्षक झाले होते. वृंदावनातील विधवांची दशाही त्यांनी स्वतः जाऊन पाहिली होती. ‘पाऊल घसरणे’ या वाक्प्रचारात जमीन निसरडी कुणी केली हा प्रश्न येत नाही. रमाबाईंच्या दुष्काळाच्या लेखनात तो पानोपानी येतो. पतन ही घटना बाईच्या मनात घडत नाही, ती भाकरीच्या, नातेवाइकांच्या आणि कायद्याच्या व्यवहारात घडते, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

आणि तरीही कृपासदन मुक्तिसदनापासून वेगळे ठेवले गेले. एका बाजूला मुक्ती, दुसऱ्या बाजूला कृपा. दुष्काळाने एकाच वाटेवर आणून सोडलेल्या दोन मुलींपैकी जी वेळेवर सापडली ती मुक्तीकडे गेली आणि जिला आठ दिवस उशीर झाला ती कृपेकडे, असेही घडले असणार. यामागची व्यावहारिक कारणे समजण्याजोगी आहेत. काही स्त्रिया गुप्तरोगांनी जर्जर होत्या. शेकडो लहान मुलींची जबाबदारी होती. आधीच बदनाम झालेल्या संस्थेला आपला लौकिक सांभाळायचा होता. पण मला दुसरीच गोष्ट खुपते. कनिष्ठ मानलेल्या जातीतील बंगाली गृहस्थाशी नोंदणी विवाह केलेली, दोन वर्षांतच विधवा झालेली आणि मग धर्मांतर केलेली ही बाई पुण्याच्या दृष्टीने स्वतःच ‘पतित’ होती. शब्दाचे सगळे अर्थ तिच्यावर आदळून झाले होते. तिलाही ही वाटणी टाळता आली नाही. असे शब्द किती खोल मुरलेले असतात, ते यावरून कळते.

तरी एक फरक नोंदवलाच पाहिजे, आणि तो मोठा आहे. आयर्लंडच्या धुलाईघरांत काम हे प्रायश्चित्त होते. केडगावात ते पोटापाण्याचे साधन होते. शेती, विणकाम, तेलघाणी, शिवण, छापखाना, सारे बायकांच्या हाती होते. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यात बायकांनी जुळवलेल्या खिळ्यांतून निघाले. ते पूर्ण छापून झाले १९२४ साली. रमाबाई त्याआधीच, ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या होत्या. मराठी मुद्रणाच्या इतिहासात या खिळे जुळवणाऱ्या बायकांना एक प्रकरण मिळायला हवे.

परंतु त्या स्वतः काय म्हणत होत्या? आश्रमांचे अहवाल देणगीदारांसाठी लिहिले जातात. त्यांत ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोनच काळ असतात; आधी चिखल, नंतर प्रकाश. आश्रमातली रोजची दुपार, तिथला कंटाळा, सोडून आलेल्या मुलाची आठवण, ज्याच्यावर जीव जडला त्याच्याविषयीची अजून न विझलेली ओढ, हे अहवालात बसत नाही. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला नवजात मुलाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती सौम्य झाली. त्यावरून उठलेल्या गदारोळात बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न त्यांनीच आधी विचारला होता: तिच्याबरोबरच्या पुरुषाचे काय? पण ताराबाईंचा आवाज आहे तो विजयालक्ष्मीच्या बाजूने. खुद्द विजयालक्ष्मीचा नाही.

येथे मला भीमा ओलांडून पुन्हा शिरूरला यावेसे वाटते. शिरूरला जुनी माणसे अजून घोडनदी म्हणतात. अनंतराव खरे हे येथले शिक्षक. त्यांची मुलगी बाळूताई कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेत शिकली आणि १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह घेऊन आली. गावाचे नाव तिने टोपणनावात घेतले, विभावरी शिरूरकर. अविवाहित, शिकलेल्या मुलींच्या मनातल्या वासना आणि घुसमट बाईने लिहावी, हे महाराष्ट्राला सहन झाले नाही. लेखिका कोण याचा शोध एखाद्या गुन्हेगाराच्या शोधासारखा चालला. म्हणजे शब्दांतून ‘घसरलेल्या’ बाईचीही समाजाने तीच झडती घेतली. पुढे मालतीबाई बेडेकर म्हणून त्यांनी सोलापूरच्या गुन्हेगार जमातींच्या वसाहतीत अधिकारी म्हणून काम केले. १९५०ची ‘बळी’ ही कादंबरी त्या अनुभवातली. तारांच्या कुंपणामागे माणसांना सुधारण्याची सरकारी कल्पना आतून कशी दिसते, हे त्यांनी पाहिले होते.

१९६२ साली त्यांचे जे पुस्तक आले, ते आमच्या अभ्यासक्रमांत क्वचितच दिसते. त्याचे नाव ‘घराला मुकलेल्या स्त्रिया’. हे कथाकादंबरीचे पुस्तक नव्हे. मला येथे त्याच्या नावाविषयीच बोलायचे आहे. ‘पतिता’ या शब्दाने पडण्याची क्रिया बाईच्या खात्यावर मांडली होती. ‘मुकणे’ या क्रियापदाने ती खातेवही पालटली. माणूस मुकतो ते त्याच्या हक्काच्या गोष्टीला. आईला मुकतो, दृष्टीला मुकतो. घराला मुकलेली म्हणजे जिचे घर होते, असायला हवे होते, आणि राहिले नाही. आता पहिला प्रश्न बाईला विचारायचा नाही, घराला विचारायचा. आश्रमाच्या दारात आलेली बाई कोठून पडली, यापेक्षा तिच्यामागे कोणते दार लागले, हे महत्त्वाचे ठरते. फुल्यांच्या घराच्या नावात जे मौन होते त्याला मालतीबाईंच्या नावाने शब्द दिला, असे मला वाटते.

दारे आजही लागतात. काही वर्षांपूर्वी वर्गातली एक मुलगी अचानक यायची थांबली. कुणाबरोबर तरी गेली असे कळले. चार महिन्यांनी ती एकटी परतली, तेव्हा घरच्यांनी उंबऱ्याबाहेरूनच वाटेला लावले. आम्ही दोघी-तिघी शिक्षिकांनी तिच्यासाठी एक वसतिगृह गाठले. व्यवस्थापिका वाईट नव्हत्या. चहा दिला, अर्जही दिला. अर्जात पालकाची सही हवी होती आणि ‘वर्तणुकीचा दाखला’ हवा होता. “मॅडम, उद्या काही झालं तर जबाबदार कोण?” हा त्यांचा प्रश्न. पालकाने टाकली म्हणून ती आली होती, आणि आत जायला पालकाचीच सही लागत होती. शेवटी सोय झाली ती पुण्यात एका लांबच्या मावशीकडे. मावशीच्या घरी आधीच सहा माणसे होती. पुढे ती कामाला लागली आणि वर्षभराने तिने बोनाफाइड दाखल्यासाठी फोन केला. तिने शेवटचे वर्ष बाहेरून पूर्ण केले. त्या दिवशी कृपा, उद्धार यांपैकी कोणताही शब्द उपयोगी पडला नाही. उपयोगी पडली ती सहा माणसांनी सरकून दिलेली सातवी जागा.

कायद्याच्या भाषेचाही प्रवास याच वळणांनी झाला आहे. १९५६च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याने संरक्षणगृहे आणली. संरक्षण म्हणजे बऱ्याचदा कुलूप, हे लवकरच दिसून आले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना अशा गृहांची पाहणी करायला सांगितले, जेणेकरून मनाविरुद्ध डांबलेल्या सज्ञान स्त्रियांची सुटका व्हावी. त्याच वर्षी ‘स्वाधार’ आणि ‘उज्ज्वला’ या योजना एकत्र होऊन ‘शक्ती सदन’ हे नाव आले. शारदा, मुक्ती, कृपा, शक्ती; सदनांची नावे बदलत राहतात. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने लिंगभावाच्या साचेबंद शब्दांविषयी एक पुस्तिका काढली. त्यात ‘पतित स्त्री’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाऐवजी काय लिहावे, तर नुसते ‘स्त्री’, असे सुचवले आहे. विशेषण गाळले, एवढेच.

ही सूचना मला मान्य आहे, पण साहित्याच्या शिक्षकाला तेवढ्यावर थांबता येत नाही. विशेषण गाळल्याने न्यायनिवाडा स्वच्छ होतो. कहाणी मात्र अपुरीच राहते. जुन्या कादंबऱ्या, आश्रमांचे अहवाल, वर्तमानपत्री बातम्या विद्यार्थ्यांबरोबर वाचताना मी आता एक साधी सवय लावते. जेथे ‘पतिता’ दिसेल तेथे समासात ‘कोणत्या घराला मुकलेली?’ असे लिहायचे आणि त्याचे उत्तर त्याच मजकुरात शोधायचे. पुष्कळदा ते असते. दिराचे नाव असते, गहाण पडलेल्या जमिनीचा उल्लेख असतो, दुष्काळाचे साल असते. कधी काहीच नसते. तेव्हा समासातला प्रश्न तसाच ठेवायचा. गेल्या सत्रात मुलांच्या वह्यांत असे प्रश्न बरेच साठले; त्यांतले निम्म्याहून अधिक अजून तसेच आहेत.